जुन्या सायझिंग मशीनचे मधले सिलिंडर थंड राहतात. ट्रॅप बदलून दोन वर्षे झाली तरी गुण नाही

ताणाबाणा, वडगाव (बेळगाव)

सर्व जाणकारांना नमस्कार. वडगावात आमचे छोटे सायझिंग आहे. वडिलांनी बऱ्याच वर्षांपूर्वी इचलकरंजीहून सात सिलिंडरचे वापरलेले मशीन आणले आणि तेव्हापासून शहापूर, खासबाग या भागांतील यंत्रमागवाल्यांचे ताणे खळ देऊन, वाळवून, बीमवर भरून देण्याचे काम आम्ही करतो. बॉयलर लाकडावर चालतो. त्याचा दाब आम्ही 7 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) ठेवतो आणि मशीनच्या अलीकडे दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हमधून तो अडीच किलोवर आणतो. वाळवणीचे सिलिंडर तांब्याचे आहेत आणि प्रत्येकाला वाफेचा स्वतंत्र ग्लोब व्हॉल्व्ह, स्वतंत्र ट्रॅप (वाफ अडवून तिचे झालेले पाणी बाहेर सोडणारे साधन) आणि ट्रॅपला वळसा घालणारी, स्वतःचा व्हॉल्व्ह असलेली बायपास नळी आहे.

अडचण अशी की तिसरा, चौथा आणि कधी कधी पाचवा सिलिंडर पुरेसा तापत नाही. ताणा शेवटपर्यंत ओलसर येतो, बीमवर सूत एकमेकाला चिकटते आणि मागवाला दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन दारात उभा राहतो. दोन वर्षांपूर्वी एका मेकॅनिकने सांगितले की जुने बिडाचे मोठे ट्रॅप निकामी झाले आहेत. त्याने ते काढून मुठीएवढे डिस्कचे ट्रॅप बसवून दिले. पहिले चार दिवस बरे वाटले आणि मग पुन्हा तेच सुरू झाले. आता आमच्या ऑपरेटरने उपाय शोधला आहे: या तीन सिलिंडरांचे बायपास तो अर्धा फेरा उघडे ठेवतो. तसे केले की पाच मिनिटांत सिलिंडर तापतो, पण मागच्या गटारीतून वाफेचा लोट अखंड निघत राहतो आणि लाकूड पूर्वीपेक्षा स्पष्टपणे जास्त लागते.

आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सकाळी वाफ सोडली की मुख्य पाइपात घणाचे घाव घातल्यासारखे आवाज येतात. दुसरे म्हणजे, दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हनंतरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा गळत होता, म्हणून ऑपरेटरने त्याची दांडी तारेने खाली बांधून ठेवली आहे. ग्लोब व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून (स्पिंडलभोवतीच्या पॅकिंगच्या जागेतून) तर जवळजवळ सगळीकडे थेंब पडतात. ट्रॅप पुन्हा बदलावेत काय, आणि बदलायचे तर कोणत्या प्रकारचे घ्यावेत, हे कृपया सांगावे. नवे मशीन घेण्याची आमची ऐपत नाही.


निवृत्त फिटर, संकेश्वर

ताणाबाणा अण्णा, ट्रॅपचे नंतर पाहू. आधी ती तार काढा, आणि आज मशीन चालू असेल तर ते बंद करून, वाफ उतरवून मग काढा. तुमच्या सिलिंडरांच्या झाकणांवर कामाचा कमाल दाब कोरलेली पट्टी असेल. जुन्या सिलिंडरांचा तो आकडा बॉयलरच्या 7 किलोच्या जवळपासही नसतो. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह अडकला तर ते 7 किलो थेट तांब्याच्या पातळ पत्र्यावर येतील आणि मध्ये थांबवणारे दुसरे काहीही नाही. साखर कारखान्यात माझी तीस वर्षे गेली. तिथे सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावणाऱ्याला आम्ही त्याच पाळीला घरी पाठवत असू.

आता तो गळत का होता, याचा विचार करा. सेफ्टी व्हॉल्व्ह उगाच गळत नाही. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलेले आणि सिलिंडरांचे व्हॉल्व्ह बंद असताना, म्हणजे वाफेचा खप शून्य असताना, दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हनंतरच्या गेजकडे दहा मिनिटे पाहत बसा. काटा अडीचवरून हळूहळू तीन, साडेतीन असा वर सरकत असेल तर त्या व्हॉल्व्हची सीट (ज्या कडेवर टेकून तो बंद होतो ती) घट्ट बसत नाही, कचऱ्याचा एखादा कण तिच्यात अडकला आहे किंवा वाफेने सीटवर चर पडली आहे. मशीन चालू असताना हा दोष दिसत नाही, कारण तेव्हा झिरपणारी वाफ वापरली जाते. म्हणजे तुमचा सेफ्टी व्हॉल्व्ह खरे बोलत होता आणि तुम्ही त्याचेच तोंड बांधले. मात्र तो वर्षानुवर्षे गळत राहिला असेल तर त्याचीही सीट कापली गेली असणार, म्हणून तो काढून चाचणी करणाऱ्याकडून दुरुस्त आणि सील करून घ्या. त्याची स्प्रिंग घरी फिरवू नका.

सकाळच्या घावांबद्दल सांगायचे तर ते रात्रभर पाइपात थिजलेल्या वाफेचे पाणी आहे. मुख्य पाइप कुठेतरी मध्ये वाकून झोळीसारखा खाली आला असेल, तिथे पाणी साचते, आणि मागून वेगाने आलेली वाफ ते पाणी उचलून पुढच्या वळणावर आपटते. पाइपाला आधार देऊन वाफ जाण्याच्या दिशेने उतार द्यावा. दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या अलीकडे खाली पाणी जमा होण्यासाठी पाइपच्याच व्यासाचा एक आंधळा तुकडा लावून त्याच्या बाजूला ट्रॅप बसवावा. आणि मुख्य व्हॉल्व्ह उघडताना घाई करू नये: आधी पाव फेरा, पाइप सगळीकडे गरम होईपर्यंत थांबायचे, मग पुढचे. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीतील थंड सकाळी तर पाइप तापायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ द्यावा. स्ट्रेनर (कचरा अडवणारी गाळणी) बसवताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पाण्याच्या लाइनीत त्याचे पोट खाली असते, पण आडव्या वाफेच्या लाइनीत ते बाजूला वळवून बसवायचे असते, नाहीतर त्या पोटातच पाणी साचते आणि वाफेबरोबर उडून थेट व्हॉल्व्हच्या सीटवर आदळते.

ग्लँडचे काम सोपे आहे, पण लोक ते बिघडवतात. थेंब दिसला की नट आवळायचा, पुन्हा दिसला की पुन्हा आवळायचा, असे करता करता पॅकिंग दगडासारखे होते, स्पिंडलवर ओरखडे उठतात आणि व्हॉल्व्ह फिरवायला पाइपाचा तुकडा घालावा लागतो. त्याऐवजी सुट्टीच्या दिवशी लाइन बंद करावी, ड्रेन उघडून दाब शून्य झाल्याची खात्री करावी, आकडीने जुने पॅकिंग तळापर्यंत पूर्ण काढावे आणि स्पिंडल हाताने चाचपून पाहावा. नखाला लागेल इतका ओरखडा असेल तर नवे पॅकिंगही टिकणार नाही, तेव्हा स्पिंडल लेथवर साफ करून घ्यावा. ग्रॅफाइटच्या दोरीची सलग गुंडाळी करू नये. एकेक कडे तिरकस कापून बसवावे, प्रत्येक कड्याचा सांधा आधीच्या सांध्याच्या समोरच्या बाजूला यावा, आणि नट सुरुवातीला हाताने घट्ट करून वाफ आल्यानंतर थोडा थोडा आवळावा. दाब असताना ग्लँड उघडून पॅकिंग भरणारे शूर मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

ट्रॅपबद्दल मी मुद्दाम बोलत नाही. आमचे काम पॅन आणि इव्हॅपोरेटरचे (उसाचा रस आटवण्याच्या भांड्यांचे), तिथले भांडे जागेवर स्थिर असते. फिरणाऱ्या सिलिंडराची गोष्ट वेगळी आहे आणि ती सायझिंगवाल्यांनीच सांगावी.


डिस्कवाला, गोकाक

मी डिस्कचे ट्रॅप दहा वर्षे वापरत आहे आणि मला कधीही त्रास झालेला नाही. लहान असतात, कुठल्याही बाजूने बसवता येतात, आत हलणारी एकच चकती असते आणि पाण्याच्या ठोक्यांनी फुटत नाहीत. गाळणी साफ ठेवली आणि चकती व सीट सपाट काचेवर बारीक पेस्टने घासून घेतली की पुन्हा नव्यासारखे चालतात. प्रश्नकर्त्याच्या मेकॅनिकला विनाकारण दोष देऊ नये असे मला वाटते.


सायझिंग मेकॅनिक, निपाणी

गोकाकच्या सदस्यांचे म्हणणे खोटे नाही, परंतु त्यांचे ट्रॅप बहुधा मुख्य वाफेच्या लाइनीवर असतील, आणि तिथे डिस्कच्या ट्रॅपसारखा दुसरा ट्रॅप नाही. तोच ट्रॅप वाळवणीच्या सिलिंडरावर बसवला की तुमच्याकडे जे होते आहे ते होते. मी इचलकरंजीच्या सायझिंगांत अनेक वर्षे काम केले आहे आणि ही चूक मी स्वतःच्या हातानेही एकदा केलेली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सिलिंडर उघडून पाहिला असेल तर त्याच्या आत एक वाकडा पाइप दिसला असेल. आम्ही त्याला सायफन म्हणतो. वाफ मधल्या दांड्यातून आत येते, तांब्याला उष्णता देऊन तिचे पाणी होते, आणि ते पाणी सिलिंडराच्या तळाला डबक्यासारखे साचते. तुमच्या मशीनच्या वेगाला ते तळालाच राहते. पाणी भिंतीला कडे धरून फिरायला याच्या कितीतरी पट वेग लागतो, तो कागदाच्या गिरणीत असतो, आपल्याकडे नाही. त्या डबक्यात सायफनचे टोक बुडालेले असते आणि वाफेच्या दाबाने पाणी वर चढून मधल्या दांड्यातून, रोटरी जॉइंटमधून बाहेर ट्रॅपकडे जाते. आता लक्षात घ्या की हा सायफनचा पाइप चारी बाजूंनी वाफेने वेढलेला आहे. पाणी संपले, सायफनमध्ये थोडी वाफ शिरली आणि ट्रॅपपर्यंत पोहोचली की ट्रॅप आपले कर्तव्य करतो, म्हणजे बंद होतो. साध्या पाइपात ती अडकलेली वाफ थंड होऊन पाणी झाली असती आणि ट्रॅप पुन्हा उघडला असता. इथे तिला थंड व्हायला जागाच नाही. ट्रॅप वाफ धरून बंद बसतो, मागे सिलिंडरात पाणी वाढत जाते, आणि आपण बाहेरून म्हणतो की ट्रॅप खराब झाला. ट्रॅप खराब नसतो. आमच्याकडे याला ‘स्टीम लॉक’ म्हणतात.

तुमच्या बाबतीत हेच आहे का, याची परीक्षा तुमच्या ऑपरेटरने नकळत केलेलीच आहे, फक्त ती नीट पाहायला हवी. थंड सिलिंडराचा बायपास बंद करून वीस मिनिटे मशीन चालवा. मग एक जण सुरक्षित अंतरावरून गटारीच्या तोंडाकडे पाहत असताना बायपास सावकाश उघडा. आधी क्षणभर वाफ, मागोमाग जोराने बादली-दोन बादल्या पाणी, आणि त्यानंतर पुन्हा वाफ असा क्रम दिसला तर नक्की स्टीम लॉक समजा. पहिल्यापासून नुसते पाणीच येत राहिले तर ट्रॅप तुंबला आहे किंवा लहान पडतो आहे. पहिल्यापासून नुसती वाफच आली आणि सिलिंडर तरीही तापला नाही तर आत सायफन तुटलेला आहे किंवा त्याचे टोक तळापासून फार वर राहिले आहे. सायफन आणि पत्रा यांच्यात जितके अंतर, तितके पाणी सिलिंडरात कायमचे राहते, हा हिशेब आहे.

यावर उपाय म्हणजे फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ गोळ्याने उघडणारा ट्रॅप, पण त्यातही स्टीम लॉक सोडवणारा बारीक सुईचा व्हॉल्व्ह असलेला. दुकानदार तुम्हाला सांगेल की आमच्या फ्लोट ट्रॅपमध्ये हवा काढणारा थर्मोस्टॅटिक भाग आहे, तेवढा पुरतो. तो पुरत नाही. तो भाग हवा काढतो, पण वाफेचे तापमान लागले की बंद होतो, आणि इथे नेमकी वाफच सोडायची आहे. सुईचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडा ठेवायचा असतो, म्हणजे अडकलेली वाफ थोडी थोडी निसटत राहते आणि तिच्यामागे पाणी येत राहते. तो किती उघडायचा हे कागदावर ठरत नाही. पाव फेऱ्यापासून सुरुवात करा आणि सिलिंडर तापलेला राहील इतपतच ठेवा. तुमच्या बायपासच्या अर्ध्या फेऱ्यातून जी वाफ जाते तिच्या मानाने ही गळती नगण्य असते.

मला तर दाट शंका आहे की तुमचे जुने बिडाचे मोठे ट्रॅप याच प्रकारचे होते. ते अडगळीत पडले असतील आणि भंगारात गेले नसतील तर काढून पाहा. झाकण उघडले की आत पोकळ गोळा दिसेल. गोळा कानाजवळ हलवा. पाणी खुळखुळले तर त्याला भोक पडले आहे, तो तरंगत नाही आणि ट्रॅप बंदच राहतो. सकाळच्या त्या घणाच्या घावांनी बहुतेक वेळा हाच गोळा चेपतो किंवा त्याचा दांडा वाकतो. त्यामुळे संकेश्वरच्या काकांनी सांगितलेले उताराचे काम केल्याशिवाय नवे फ्लोट ट्रॅप बसवू नका, नाहीतर तेही त्याच वाटेने जातील.

एक शेवटचे. प्रत्येक सिलिंडराच्या झाकणावर आत उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. मशीन बंद झाले की आतील वाफेचे पाणी होते, ती वाफ सुमारे सोळाशे पट आकसते आणि आत पोकळी तयार होते. तेव्हा हा व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत घेतो. तो कापसाच्या तुसाने किंवा रंगाने बसला असेल तर तांब्याचा सिलिंडर डब्यासारखा आत चेपला जातो. सातही व्हॉल्व्ह बोटाने दाबून पाहा. मशीन थंड असतानाच पाहा.


यंत्रशाळा, बेळगाव

मी तंत्रनिकेतनात शिकवतो. संकेश्वर आणि निपाणीच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त मोजमापांच्या काही गोष्टी जोडतो, कारण ट्रॅप तपासताना डोळ्यांची आणि हातातल्या तापमापकाची फसगत फार होते.

अडीच किलो दाबाच्या वाफेचे तापमान सुमारे 138 अंश असते आणि तिचे झालेले पाणीही सुरुवातीला तितकेच गरम असते. हे पाणी ट्रॅपमधून उघड्यावर आले की इतक्या उष्णतेचे पाणी वातावरणाच्या दाबाला पाणी म्हणून राहू शकत नाही. त्यातील सुमारे 7 टक्के भागाची लगेच पुन्हा वाफ होते. टक्केवारी लहान वाटते, परंतु वाफ पसरते किती हे पाहिले तर एक लिटर पाण्यामागे शंभर लिटरहून अधिक पांढरी वाफ दिसते. म्हणून उत्तम चालणाऱ्या ट्रॅपच्या तोंडातूनही लोट निघतो आणि पाहणारा म्हणतो, ट्रॅप गळतो आहे. ओळखण्याची खूण अशी की गळणारी खरी वाफ नळीच्या तोंडाशी काही अंतर अदृश्य किंवा निळसर असते, तिला जोर असतो आणि ती पुढे जाऊन पांढरी होते. पाण्यातून उठलेली वाफ तोंडापासूनच पांढरी, आळसावलेली असते आणि तिच्याबरोबर पाणी पडत असते.

दुसरी फसगत तापमापकाची होते. ट्रॅपच्या पुढची नळी उघड्यावर सुटत असेल तर ट्रॅप चांगला असो वा पूर्ण उघडा अडकलेला असो, त्या नळीचे तापमान पाणी उकळण्याच्या तापमानाजवळच राहते, आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच असल्याने इथे ते 97-98 अंश असते. दोन्ही वेळी आकडा तोच येत असल्याने नुसत्या तापमानावरून गळका ट्रॅप सापडत नाही, थंड पडलेला तेवढा सापडतो. गळका ट्रॅप कानाने सापडतो. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ट्रॅपच्या झाकणावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की डिस्कचा ट्रॅप थांबून थांबून टिक्-टिक् करतो. चकती झिजली की तो मशीनगनसारखा तडतडतो, आणि पूर्ण उघडा राहिला की नुसती सलग शीळ ऐकू येते.

इन्फ्रारेड बंदुकीने चकचकीत तांब्याचे तापमान मोजण्याचा मोह होईल. तो आकडा खरा मानू नये. चकाकणारा धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो, त्यामुळे 130 अंशांचा सिलिंडर साठ-सत्तर अंशांचा दिसू शकतो. सिलिंडराच्या झाकणावर, जिथे सूत लागत नाही अशा ठिकाणी, उष्णता सहन करणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा तळहाताएवढा ठिपका द्यावा आणि सातही सिलिंडरांवर तिथेच मोजावे.

नुकसानीचा अंदाजही देतो. 3 मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून अडीच किलो दाबाला तासाला साधारण 12 किलो वाफ निघून जाते. दिवसभरात ती सुमारे 300 किलो होते, आणि एक किलो लाकडामागे तीन किलोच्या आसपास वाफ मिळते असे धरले तर एका छिद्रापोटी रोज क्विंटलभर लाकूड जळते. तुमचे तीन बायपास अर्धा फेरा उघडे आहेत, म्हणजे तुमची छिद्रे यापेक्षा मोठी आहेत.

जुने पॅकिंग आणि फ्लँजमधील जुन्या गॅस्केटी काढताना मात्र सावध राहावे. जुन्या मशीनमध्ये ती अॅस्बेस्टॉसची असण्याची शक्यता मोठी असते. कोरडी खरवडू नयेत, तारेच्या ब्रशने घासू नयेत, हवेच्या झोताने उडवू नयेत. पाण्याने भिजवून काढावीत, ओल्या पिशवीत बांधावीत, आणि त्या वेळी चांगला मास्क लावावा. तसेच, 3.5 किलोपेक्षा अधिक दाबाचा वाफेचा पाइप बॉयलर कायद्याच्या कक्षेत येतो. 1923 च्या कायद्याच्या जागी आता 2025 चा कायदा आला असला तरी ही जबाबदारी तशीच आहे. म्हणून बॉयलरपासून दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंतच्या पाइपावर उतार देण्यासाठी कापाकापी किंवा वेल्डिंग करायचे असेल तर ते रस्त्यावरच्या वेल्डरकडून करून घेऊ नये.


वसतिगृह भोजनालय, खानापूर

विषय थोडा वेगळा आहे, पण विचारतो. आमच्याकडे भात आणि आमटीसाठी वाफेच्या जॅकेटची (दुहेरी भिंतीत वाफ खेळणारी) दोन भांडी आहेत. जागेवर घट्ट बसवलेले भांडे उत्तम तापते. कलते करून ओतायचे जे भांडे आहे, त्याच्या तळाचा भाग मात्र गार राहतो. दोन्हींना एकाच प्रकारचे ट्रॅप आहेत. हेही तेच स्टीम लॉक असू शकेल काय?


सायझिंग मेकॅनिक, निपाणी

अगदी तेच आहे. बसवलेल्या भांड्याचे पाणी तळाच्या भोकातून सरळ खाली उतरते. कलत्या भांड्याला खाली भोक ठेवता येत नाही, म्हणून पाणी जॅकेटमधील सायफनने वर उचलून बाजूच्या खुंटीतून बाहेर नेलेले असते, आणि तो सायफन वाफेतच बुडालेला असतो. त्या एका भांड्याला सुईच्या व्हॉल्व्हचा फ्लोट ट्रॅप लावा, दुसऱ्याला हात लावू नका. आणि सकाळी पहिल्यांदा वाफ सोडताना जॅकेटमधील हवा निघून जाऊ द्या.


ताणाबाणा, वडगाव (बेळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण कामे सुट्टीच्या दिवशीच करता आली.

तार त्याच दिवशी काढली. जेवणाच्या सुट्टीत मी आणि वडील गेजसमोर स्टूल टाकून बसलो. अडीचवरचा काटा बारा मिनिटांत पावणेचारला गेला तेव्हा वडील काही बोलले नाहीत, उठून त्यांनी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. सिलिंडरांच्या पट्ट्यांवर 3.5 किलो लिहिलेले आहे. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडला तेव्हा त्याच्या अलीकडच्या स्ट्रेनरमध्ये चमचाभर लाल गंज आणि पाइप जोडताना आट्यांवर गुंडाळलेल्या सुतळीचे तुकडे निघाले, जाळी एका बाजूने फाटलेली होती, आणि सीटवर केसाएवढी एक चर होती. सीट नवीन बसवली. सेफ्टी व्हॉल्व्ह चाचणी करून सील करून आणला.

बायपासची परीक्षा निपाणीच्या भाऊंनी सांगितली तशी केली. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडराला हुबेहूब तोच क्रम दिसला: आधी वाफेचा एक फुत्कार, मग गढूळ पाण्याचा लोंढा, मग वाफ. पाचव्या सिलिंडराचे मात्र वेगळे निघाले. त्याचा बायपास उघडल्यावर नुसतीच वाफ आली. झाकण खोलले तेव्हा सायफनचा खालचा तुकडा सुटून आत पडलेला होता. कधीपासून पडला होता कोण जाणे, त्याने तांब्यावर आतून गोल ओरखडा काढलेला आहे. सायफन बसवला, पण त्या ओरखड्याची जाडी मोजून घेईपर्यंत पाचवा सिलिंडर वाफेशिवाय चालवतो आहोत.

जुने ट्रॅप खरोखरच माळ्यावर होते. सातही फ्लोटचेच निघाले आणि प्रत्येकाच्या बाजूला, रंगाच्या थराखाली, एक बारीक स्क्रू होता, जो कशासाठी आहे हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. चार गोळ्यांत पाणी खुळखुळले. उरलेले तीन साफ करून तिसऱ्या, चौथ्या आणि दुसऱ्या सिलिंडराला लावले, बाकीच्यांसाठी गोळे मागवले आहेत. काढलेल्या डिस्कच्या ट्रॅपपैकी एक संकेश्वरच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मुख्य लाइनीवर दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या अलीकडे बसवला आणि सकाळचे घाव पुष्कळच कमी झाले. उताराचे वेल्डिंग परवानाधारक वेल्डरची वेळ मिळाली की होईल.

हवा आत घेणाऱ्या सात व्हॉल्व्हपैकी पाच हलतच नव्हते. त्यांच्यावर चंदेरी रंगाचे इतके थर होते की पहिल्यांदा आम्हाला ते व्हॉल्व्ह आहेत हेच कळले नाही. सातव्या सिलिंडराच्या पत्र्याला पूर्वीपासून असलेला खोलगट भाग आम्ही वाहतुकीत बसलेला मार समजत होतो.

आता तिसरा आणि चौथा सिलिंडर काळ्या ठिपक्यावर पहिल्यापेक्षा तीन-चार अंशांनीच कमी दाखवतात, बायपास बंद आहेत आणि त्यांची चाके काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहेत. ऑपरेटर मराठी वाचतो, फायरमन कन्नड वाचतो, म्हणून सकाळी वाफ सोडण्याचा क्रम दोन्ही भाषांत लिहून भिंतीवर लावला आहे. एक शंका उरली आहे: तिसऱ्या सिलिंडराचा सुईचा व्हॉल्व्ह पाव फेऱ्यावर ठेवला तर तो तापतो, पण मशीन सावकाश चालवताना त्याच्या नळीतून निळसर वाफ दिसते. सावकाश चालवताना तो कमी करावा, की तसाच राहू द्यावा?


सायझिंग मेकॅनिक, निपाणी

तसाच राहू द्या. मशीन सावकाश चालते तेव्हा पाणी कमी होते म्हणून वाफ दिसते. त्या वेळी तुम्ही तो बंद कराल आणि वेग वाढवताना उघडायला विसराल. पाचव्याची जाडी मोजल्यावर आकडा इथे कळवा.